बॉर्डरच्या अलीकडे

६ जून, गुरुवार. दुपारी ४

...पाणी सहाला आले होते. दोन हंडे, पिंप, मोरीतली बादली, सगळे भरून झाले. ज्वारी चाळून ठेवली. चहा झाला. हे पायरीवर बसून बूट पुसत होते. मिलिटरीतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन आठ वर्षे झाली होती, तरी रोज पुसायचे, कुठे जायचे नसले तरी. मी म्हणाले, पायरी काळी होते, खाली पेपर घ्या. त्यांनी घेतला. मी मेथी निवडायला बसले. एवढेच. साधी सकाळ.

दोन वर्षांपूर्वीची ती सकाळ आज का आठवली, तर पोरीची ग्रुप थेरपी घेणाऱ्या सांगलीच्या चंदना मॅडमनी विचारले, "दीपाचं हे सगळं जास्त कधीपासून झालं?" मला ती सकाळ आठवली आणि मी सांगितले, "पुण्याच्या मेसचं जेवण सुरू झाल्यापासून." मॅडमनी लिहून घेतले. काहीही लिहून घेतात.

नातेवाइकांनीसुद्धा रोज चार ओळी लिहाव्यात असे मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्या सांगण्यावरून लिहीत नाही. पतसंस्थेची डायरी कोरी पडली होती, वाया जाऊ नये म्हणून लिहिते. पहिल्या पानावर नाव घालायला जागा आहे, घालते. लीलाबाई आकाराम थोरात, इस्लामपूर. शिक्षण सातवी, वडूज. पुढचे सगळे नगरवाचनालयात.

दीपाच्या कागदावर डॉक्टरांनी तीन इंग्रजी शब्द लिहिले आहेत, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. पहिला मला लगेच समजला. बॉर्डरलाइन. माझी शुगर पाच वर्षे बॉर्डरवर आहे. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितले होते, अजून झालेली नाही, बॉर्डरवर आहे, सांभाळा. सांभाळली. मेथीचे पाणी आणि गच्चीवर चाळीस फेऱ्या. गोळी नाही. म्हणजे दीपालाही काही झालेले नाही. झालेले नसताना दर गुरुवारी ग्रुप थेरपी म्हणजे शिंक आली म्हणून तेराव्याचा आचारी ठरवण्यासारखे आहे.

गटाच्या नियमांचा कागद दिला आहे. वेळेवर या. आतले बाहेर बोलू नका. सलग चार गुरुवार चुकले की नाव कमी, मग नवा गट सहा महिन्यांनी. रेशन कार्डाला एवढे नियम नाहीत.

७ जून, शुक्रवार

संकल्प. दीपाला आठ आठवड्यांत बॉर्डरच्या अलीकडे आणायचे. ह्यांनी बावीस वर्षे देशाची बॉर्डर सांभाळली, एक इंच मागे सरकली नाही. मला एक पोरगी सांभाळता येणार नाही?

सकाळी मेथीचे पाणी दिले. दीपाने वास घेऊन कुंडीत ओतले. कुंडीतली तुळस टवटवीत आहे.

१३ जून, गुरुवार

सांगलीला गेलो. दीपा आत, मी बाहेर बाकावर. मी फक्त सोबत म्हणून जाते. दाराला फट आहे. मुद्दाम बघितले नाही, बाक तिथेच आहे.

आत बारा माणसे गोल बसून श्वास मोजतात. इस्लामपूरपासून सव्वा तास एस.टी.त उभे राहून यायचे आणि श्वास मोजायचे! म्हैससुद्धा श्वास घेते, तिला कुणी खुर्ची देत नाही. मग एकेकाने आठवडाभरात काय झाले ते सांगायचे. एक बाई म्हणाली, नवऱ्याने फोन उचलला नाही तेव्हा जीव नकोसा झाला, पण तिने पाच मिनिटे थांबून बघितले. सगळ्यांनी तिचे कौतुक केले. पाच मिनिटे थांबल्याबद्दल. मी गॅससाठी एकवीस दिवस थांबले आहे.

ती बाई भाऊसोची बायको निघाली. भाऊसो म्हणजे बाकावर माझ्या शेजारी बसणारा, आटपाडीचा, डाळिंबाची बाग आहे. तीन तास प्रवास करून तिला घेऊन येतो. मी विचारले, फरक आहे का? म्हणाला, "काकी, पैल्यांदा मलाबी वाटलं, नाटकं हायती. पर आता 'मला राग आलाय' आसं तोंडानं सांगती. आदी ताटं-वाट्या सांगायच्या." भोळा माणूस आहे.

१५ जून, शनिवार

शनिवारी नातेवाइकांचा वेगळा गट असतो. आज गेले. फक्त एकदा बघून येऊ म्हणून.

धडा असा होता. ऐकून घ्या, सल्ला देऊ नका. पोरीला जे वाटते ते आधी मान्य करा. पटले नाही तरी 'तुला असं वाटतंय, व्हय' एवढे म्हणा आणि थांबा. सल्ला न देणारी आई म्हणजे घरातली भाडेकरूच की.

मग सराव. भाऊसोला दीपा केले आणि मला मीच. भाऊसो मिशीला हात लावून म्हणाला, "आई, मला लय एकटं वाटतंय." मी म्हणाले, शेजारच्या चंपाबाईंकडे जा, पापड लाटायला माणूस हवे आहे. मॅडम म्हणाल्या, "लीलाताई, हा सल्ला झाला. परत." भाऊसो परत म्हणाला. मी म्हणाले, असे वाटून घेऊ नये, तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत. "हा उपदेश झाला. परत." तिसऱ्यांदा मी म्हणाले, मला कुणी विचारले होते का दोन वर्षांत, एकटे वाटते का म्हणून?

या वेळी मॅडमनी 'परत' म्हटले नाही. सराव मीच जिंकला.

पुढे वाचन आणि मन या विषयावर थोडे बोलले. चाळीस मिनिटे झाली असावीत. भाऊसोने विचारले, "काकी, तुमी मास्तरीण व्हता का?" माणसाला पारख आहे. परत जायची गरज नाही. माझ्यासाठी तिथे शिकण्यासारखे काही नाही.

१९ जून, बुधवार

वाचनालयात तासभर होते. तिथे फोन बंद ठेवायचा नियम आहे. बाहेर येऊन बघते तर दीपाचे सतरा मिस्ड कॉल.

घरी आले तर ही रस्त्यावर, अनवाणी. म्हणाली, "मला वाटलं तू गेलीस." मी म्हणाले, गेलेच होते, वाचनालयात. तिने मला धरले ते सोडेना. तू देव आहेस, तुझ्याशिवाय मला कुणी नाही, म्हणाली. संध्याकाळी वरणात मीठ कमी पडले का एवढे विचारले, तर तुला माझी लाज वाटते, मी मेले तर सुटशील, असे सुरू. सकाळी देव, संध्याकाळी राक्षसीण. अवतार बदलायला देवांनाही एवढी घाई नसते.

गटात रोज भरायला कार्ड दिले आहे. राग, दुःख, भीती, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क. दीपाने रागाला तीन लिहिले होते. मी खोडून पाच केले. अर्धवट माहितीवर उपचार कसे होणार?

२० जून, गुरुवार

फ्रिजमध्ये बर्फ टिकत नाही. ट्रे भरून ठेवावा तर दुपारी रिकामा. दीपाला विचारले तर म्हणाली, "गटात सांगितलंय. फार झालं की हातात बर्फ धरायचा, लाट जाईपर्यंत." कसली लाट? कृष्णा इथून लांब आहे. घामाच्या धारा लागल्या तरी पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालते. पुण्याची फॅशन.

मी बाह्यांविषयी विचारत नाही. मुलींच्या कपड्यांत फार लक्ष घालू नये.

२३ जून, रविवार

शेजारच्या चंपाबाई चौगुले साताऱ्याहून आल्या. नातीला नोकरी लागली म्हणून कंदी पेढे घेऊन आल्या. दीपाने बॉक्स बघितला आणि उठून आत गेली, दार इतक्या जोरात लावले की ह्यांचा फोटो तिरका झाला. चंपाबाई म्हणाल्या, "काय झालं गं लीला पोरीला? पेढ्यानं कुणी रागावतं व्हय?" मी म्हणाले, डाएट आहे. पेढ्यावर राग! कार्डावर पाच लिहिले.

हे असते तर दारापाशी जाऊन बसले असते. तिच्या दहावीपासून तेच करायचे. ती आत रडायची, आदळआपट करायची, हे बाहेर बूट आणि ब्रश घेऊन बसायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. तासाभराने ती आपोआप बाहेर यायची आणि शेजारी टेकायची. हे काहीच करायचे नाहीत, नुसते बसायचे. समजावायचे सगळे काम मलाच.

फोटो सरळ केला.

२५ जून, मंगळवार

दीपा जेवताना म्हणाली, या गुरुवारी गटात तिची पाळी आहे. बाबा गेले त्या दिवसाबद्दल ती बोलणार आहे. चार दिवस झाले, कागदावर लिहून काढते आहे.

मी म्हणाले, त्यात काय बोलण्यासारखे आहे?

योगायोगाने मी आजच ठरवले की गट आता पुरे, घरचाच कोर्स करायचा. त्याची कारणे अशी. एस.टी.त जागा मिळत नाही. माझे गुडघे. हवा बदलली आहे. शिवाय बारा अनोळखी माणसांपुढे घरातले काढू नये, भिंतीला कान असतात आणि तिथे तर दाराला फट आहे.

मोबाइलचा उपवास हा कोर्सचा पहिला भाग. दीपा आज देव-पक्षात होती. "तू खरंच माझ्यासाठी एवढं करणार?" म्हणाली आणि फोन स्वतःहून काढून दिला. ज्वारीच्या डब्यात ठेवला.

२७ जून, गुरुवार

दीपा आठला आवरून तयार. हातात कागद. मी सांगितले, मॅडमचा फोन आला होता, त्या ट्रेनिंगला गेल्या आहेत, आज सुट्टी. "बरं," म्हणाली. कागदाची घडी घातली, परत घातली, परत घातली. रुपयाएवढी झाली.

मॅडमना फोन करून कळवले की दीपाला ताप आहे.

हे खोटे नव्हे. खोटे आपल्या फायद्याचे असते. आजारी माणसाला, प्रवासातल्या माणसाला, लहान मुलाला सगळेच खरे सांगायचे नसते, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. गावात कुणी गेले की परगावच्या पोराला कुणी 'गेले' म्हणून फोन करते का? 'जरा बरं नाही, ये' म्हणायचे. वाटेत त्याला काही होऊ नये म्हणून. ह्यांच्या वेळी मीही तेच केले. दीपाला पुण्याला फोन लावला आणि सांगितले, बाबांना ॲडमिट केले आहे, आता बरे आहेत, तू सावकाश ये. ती पोचेपर्यंत भावकीतल्या म्हाताऱ्यांनी घाई करून सगळे उरकले होते. पावसाचे दिवस होते. माणसे खोळंबली होती. त्यात माझ्या हातात काय होते?

तिचा प्रवास सुखरूप झाला, हे कुणी लक्षात घेत नाही.

४ जुलै, गुरुवार. वडूज

हवापालट म्हणून माहेरी. दीपाला सांगितले, मॅडमची सुट्टी लांबली आहे. पहिले दोन दिवस उत्तम. शेळीचे करडू दिवसभर मांडीवर. मी मनातल्या मनात पंच्याहत्तर टक्के बरी असे धरले.

आज करडू विकले. घरातल्यांना विकायचेच होते. दीपा तेव्हापासून अंगणात बसून आहे, जेवली नाही, कुणाशी बोलत नाही. माझा भाऊ नाथाजी म्हणाला, "आक्का, पोरीला न्हेमकं काय झालंय?" मी म्हणाले, काही नाही, बॉर्डरवर आहे. तो म्हणाला, "कुठल्या बॉर्डरवर? ह्या पोरीबी भरती व्हायला लागल्या का काय?"

पन्नास टक्के धरले.

८ जुलै, सोमवार. इस्लामपूर

वाचनालयाच्या हॉलमध्ये फुकट तपासणीचे शिबिर होते. पाच वर्षांत शुगर तपासली नव्हती. सांभाळलेली गोष्ट तपासायची कशाला? रांगेत कुणी नव्हते म्हणून बोट पुढे केले.

उपाशीपोटी एकशे ब्याण्णव.

डॉक्टरीण बाई म्हणाली, "काकू, ही बॉर्डर तुम्ही कधीच ओलांडलीय. उद्या दवाखान्यात जाऊन गोळी सुरू करा." मी सांगितले, मी रोज मेथीचे पाणी पिते. ती म्हणाली, "प्या की. गोळीबरोबर प्या." वय तिशीसुद्धा नसेल. मशीन जुने होते. फुकटच्या शिबिरात दुसरे काय मिळणार?

११ जुलै, गुरुवार

आज सलग तिसरा गुरुवार. दीपाला सांगितले, अजून सुट्टी. तिने विचारलेही नाही.

चंदना मॅडमचा फोन आला. "लीलाताई, ताप अजून आहे?" मी म्हणाले, उतरला, पण पोटात गेला. असे होते का ते वाचलेले नाही, पण तोंडातून गेले. त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी तिला नक्की पाठवा. चौथा चुकला तर मला नाव कमी करावं लागेल, आणि आत्ता मध्येच सुटणं तिला परवडणारं नाही. हा नुसता बॉर्डरवरचा आजार नाही, ताई. नाव तसं पडलंय. आजार पूर्ण आहे." मी म्हणाले, बरं.

डॉक्टर लोक आजार वाढवूनच सांगतात. नाहीतर त्यांच्या खुर्च्यांवर कोण बसेल?

ज्वारीच्या डब्यातला फोन उघडून बघितला. गटातल्या लोकांचे सेहेचाळीस मेसेज. कुठेस दीपा. बरी आहेस ना. तुझी पाळी राखून ठेवलीय. मी तिच्या वतीने उत्तर टाकले, 'ताप आहे, आराम करते.' आराम करते, यात तर खोटे काहीच नाही. दिवसभर झोपूनच असते.

१४ जुलै, रविवार

दीपा दोन दिवस नीट जेवलेली नाही. भांडत नाही. वरणाला नावे ठेवत नाही. घरात शांतता आहे. ऐंशी टक्के.

बर्फाचा ट्रे परवा भरला तसाच भरलेला आहे. लाट ओसरली असणार.

चंपाबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "लीला, पोरगी बोलत न्हाई ते बरं लक्षण न्हवं. आमची सून गप झाली तवा आमी असंच म्हटलं, बरं झालं, गप झाली." पुढचे त्यांनी सांगितले नाही. मला माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

चंपाबाईंना उगीच काहीही बोलायची सवय आहे.

फक्त हा एक गुरुवार जाऊ दे. मग गटाची भानगड आपोआप संपेल.

१६ जुलै, मंगळवार

वाचनालयातून आले. फोन घरी विसरून गेले होते. दीपा स्वयंपाकघरात खाली बसलेली. पुढे माझा फोन, शेजारी तिचा फोन, भोवती ज्वारी सांडलेली.

भाऊसोचा फोन आला होता. "काकी, पोरीचा ताप उतरला का? तीन आठवडं झालं, माझी बायको रोज इचारती." फोन दीपाने उचलला होता.

तिने आरडाओरडा केला असता तर मी बघून घेतले असते. माझी सगळी तयारी त्याचीच होती. ती हळू बोलली. "मला ताप कधी आला होता, आई?" मी म्हणाले, तुझ्या भल्यासाठी. ती म्हणाली, "बाबांच्या वेळीही भल्यासाठी. मी सातारा स्टँडवर उतरून पेढे घेतले होते. बाबा बरे झाले म्हणून. अर्धा किलो. दारात बायका बसल्या होत्या आणि माझ्या हातात पेढे."

मी सांगायला लागले की भावकीने घाई केली. ती म्हणाली, "तू फोन उचलला नाहीस की मला वाटतं आत्ता मेलीस. उचलून 'बरी आहे' म्हणालीस तरी तेच वाटतं. मी कशावर विश्वास ठेवू?"

मग म्हणाली, "गुरुवारी मी जाणार नाही. काही उपयोग नाही. कशाचाच नाही."

खोलीत गेली. बाहीचे बटण उघडे होते. मी बघितले. या वेळी बघितले.

मॅडमना फोन केला. सगळे सांगायला जमले नाही. एवढेच सांगितले की ती कशाचाच उपयोग नाही म्हणाली, आणि हात. त्यांनी विचारले, कडी आतून लावली आहे का. म्हणाल्या, लावू देऊ नका, घरातलं धारदार सगळं शेजारी नेऊन ठेवा, तिला एकटी सोडू नका, वाटलं तर दहा-दहा मिनिटांनी मला फोन करा. मग दीपाशी बोलल्या. दीपाने चार वेळा हं केले.

चंपाबाईंकडे विळी, सुऱ्या, ह्यांचा दाढीचा डबा. त्यांनी पदरात घेतले.

१७ जुलै, बुधवार

दाराशी बसून लिहिते. इथे वारा येतो म्हणून.

उद्या चौथा गुरुवार. ती गेली नाही तर नाव जाणार. दीपाला तयार करण्यासाठी नऊ मुद्दे काढले आहेत. एक, गटाचे शास्त्रीय महत्त्व. दोन, आई-मुलीचे नाते. तीन, परिस्थितीच तशी होती. चौथ्यात भावकी येते. सहाव्यात ह्यांची शिस्त. भाषण तयार आहे, मुद्देसूद आहे, अर्ध्या तासात संपेल.

दुपारी पहिल्या मुद्द्याला सुरुवात केली. दीपा आतून म्हणाली, "आई, चौथा मुद्दा भावकी आहे ना?"

बंद केले. नुसती बसून राहिले. पाचच्या सुमारास तिने दारातून हात काढून पाण्याचा तांब्या मागितला.

१८ जुलै, गुरुवार

सकाळी साडेसात. दाराकडे पाठ करून बसले, कारण समोर बघून जमेना. नऊ मुद्दे आले नाहीत. जे आले ते असे.

ते पावणेअकराला गेले. मी मेथी निवडत होते, ब्रश पडल्याचा आवाज आला. तुला फोन केला तेव्हा साडेबारा झाले होते. भावकीने घाई केली नाही. तुझ्या थोरल्या चुलत्यांनी मला दोनदा विचारले, पोरीसाठी थांबायचे का, संध्याकाळपर्यंत थांबता येईल. मी नको म्हणाले. तू आल्यावर जे करशील, ते त्या दिवशी बघायची मला ताकद नव्हती. मी तुला घाबरले होते. तुझ्या प्रवासाचा त्यात काही संबंध नव्हता.

साडेआठ वाजले.

मग दार उघडले. तिने माझ्याकडे बघितले नाही. तोंड धुतले, कागद शोधला, चप्पल घातली. मी उठायला लागले तर म्हणाली, "तू येऊ नकोस." नऊ वाजून दहाच्या गाडीने गेली. एकटी. गाडी वळेपर्यंत मी स्टँडवर लांब उभी होते, ते तिला माहीत नाही.

मॅडमना फोन करून सांगितले, ती निघाली आहे, एकटी आहे. आणि ताप नव्हता.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी दीपाचा मेसेज आला. 'पोचले होते. निघते.'

२१ जुलै, रविवार

गुरुवारी दीपा आली, जेवली, झोपली. गटात काय झाले ते सांगितले नाही. आतले बाहेर बोलायचे नाही, नियम आहे. मला वाटले होते, एवढे सगळे सांगितल्यावर ती गळ्यात पडेल. वाचलेल्या गोष्टींत पडतात. शुक्रवारी ती माझ्याशी दिवसभरात तीन वाक्ये बोलली. पंखा लाव. दूध नासलंय. आणि संध्याकाळी, "तुझा गट उद्या असतो. मी सोबत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरले, दवाखान्यात जाऊन शुगरची गोळी लिहून घेतली आणि सांगलीला गेले. नातेवाइकांच्या गटात बसले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मी पोरीशी खोटं बोलते. भाऊसो म्हणाला, "काकी, जरा मोठ्यानं बोला, पंख्यात ऐकू येईना." मी परत सांगितले.